खाणीत चालले ना पोरांनो, मग आधी उभं कुठं राहायचं ते शिका

आमच्या गावातली चार पोरं दिवाळीनंतर ओबीच्या, म्हणजे कोळशावरची माती-दगड काढायच्या, ठेक्यावर लागली, दोघं टिप्परवर, एक हेल्पर अन एक डंपयार्डवर, म्हणजे ती माती टाकतात तिथं, झेंडी दाखवायला. कामावर जायच्या आदल्या रात्री चौघंही घरी आले, काका काही सांगा म्हणे. मी २७ वर्षं खाणीत काढली, आधी ट्रामर, म्हणजे कोळशाचे डबे ढकलणारा, मग ड्रेसर, म्हणजे सुटलेलं छत पाडणारा, मग सरदारकीची, म्हणजे पाळीची माणसं अन जागा सांभाळणाऱ्याची, परीक्षा पास केली अन शेवटची वर्षं ओपनकास्टला, म्हणजे उघड्या खाणीत, होतो. त्या रात्री दीडदोन तास बोललो तरी निम्मं राहूनच गेलं म्हणून आता इथं सगळं लिहून काढतोय, वणी, घुग्गुस, माजरी, बल्लारपूर, राजुरा, उमरेड, सावनेर, कुठंही खाणीत जाणाऱ्या पोरानं वाचावं अन घरच्यांनीही वाचावं.

पहिली गोष्ट. हेल्मेट, बूट, जॅकेट हे सगळं घालाच, पण त्यानं जीव वाचतो असं डोक्यातून काढा. हेल्मेटनं मुठीएवढा दगड अडतो, छताची शिळा अडत नाही, अन रेडियमचं जॅकेट घालून डंपरच्या मागं उभं राहिलं तर ऑपरेटरला ते जॅकेट दिसतच नाही. मी जेवढे मृत्यू पाहिले किंवा ज्यांच्या चौकशीत बसलो त्यात बहुतेक माणसं आपलं रोजचंच काम नीट करत होती, फक्त उभी चुकीच्या जागी होती. छत कोणतं, बेंच, म्हणजे खाणीच्या भिंतीची पायरी, कोणता, चाकं कोणती एवढाच काय तो फरक. म्हणून पुढचं सगळं एकाच प्रश्नाभोवती आहे, मी आत्ता जिथं उभा आहे तिथं वरून, मागून, खालून काय येऊ शकतं अन आलं तर मी पळणार कुठं.

डंपर, टिप्पर

ओपनकास्टमधे सगळ्यात जास्त जीव गाड्यांखाली जातात. आमच्या खाणीत एकदा ट्रेनिंगवाल्या साहेबांनी फार चांगली गोष्ट केली होती, ती सांगतो. सुट्टीच्या दिवशी ६० टनी डंपर मोकळ्या जागेत उभा केला, बंद करून, चाकांना गुटके लावून. केबिनमधे जुना ऑपरेटर बसवला. मग मला हातात चुन्याची थैली दिली अन म्हणाले डंपरला चिकटून सुरू कर अन एक एक पाऊल मागं सरक, ऑपरेटरनं हात वर केला की तिथं चुना टाक. केबिनच्या बाजूनं चारपाच पावलांतच त्याचा हात वर झाला. पण ज्या बाजूला केबिन नाही त्या बाजूनं मी मागं मागं जातोय, जातोय, बारा पावलं झाली तरी त्याला मी दिसेना. समोरच्या बाजूला नाकाशी बोलेरो आणून लावली तर म्हणे काहीच नाही समोर. सगळा फेरा झाल्यावर जमिनीवर जो पांढरा पट्टा उमटला तो पाहून वीस वीस वर्षं नोकरी झालेली माणसं गप उभी होती. तुमच्या साइटवर हे होत नसेल तर सेफ्टीवाल्याच्या मागं लागून करून घ्या, पाच रुपयाचा चुना लागतो.

तर नियम असे पाळा. डंपर उभा दिसला म्हणून त्याच्या आडून जायचं नाही, सावली पडली म्हणून त्याच्या चाकाशी टेकायचं तर अजिबात नाही, मे महिन्यात ४५-४६ च्या वर पारा गेला की खाणीत सावली फक्त मशीनचीच असते अन हेल्पर पोरं तिथंच जाऊन बसतात. आमच्या शेजारच्या खाणीतला एक पोरगा असाच गेला, चहा घेऊन टिप्परच्या मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला होता, ड्रायव्हर दुसऱ्या बाजूनं चढला, गाडी सुरू केली अन रिव्हर्स टाकला. रिव्हर्सचा भोंगा आठ दिवसांपासून बंद होता. ड्रायव्हरला कळलंच नाही, दुसऱ्या टिप्परवाल्यानं ओरडून थांबवलं. चहाचा ग्लास चाकाच्या बाजूला तसाच उभा होता, सांडला सुद्धा नव्हता, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून ड्रायव्हर असाल तर गाडीवर चढण्याआधी पूर्ण एक चक्कर मारा, खाली वाकून पाहा, मग चढा. आमच्याकडं एक हॉर्न म्हणजे इंजिन सुरू करतोय, दोन म्हणजे पुढं, तीन म्हणजे मागं, अन हॉर्न मारल्यावर लगेच हलायचं नाही, माणसाला सरकायला वेळ द्यायचा. रिव्हर्सचा भोंगा, ब्रेक, हॉर्न, लाइट यातलं एकही बंद असेल तर गाडी बाहेर काढायची नाही, रजिस्टरात लिहायचं अन सही घ्यायची. तोंडी सांगितलेलं कोणालाच आठवत नाही नंतर.

हॉल रोडवर, म्हणजे डंपरच्या रस्त्यावर, पायी चालू नका. ओलांडायचाच असेल तर ऑपरेटरकडं पाहा, त्यानं तुमच्याकडं पाहिलं अन हात केला तरच पाऊल टाका. जीप, बाईक, डिझेलची गाडी असेल तर उंच काडीवर झेंडी लावा अन मोठ्या मशीनच्या घेरात उभी करू नका. उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही. डिझेल वाचतं म्हणून नवीन पोरांना जुने ड्रायव्हरच हे शिकवतात अन भरलेला टिप्पर एकदा उतारावर सुटला की नुसत्या ब्रेकनं तो आवरत नाही. रोडच्या खोल बाजूला मातीचा बांध पाहिजे, निदान त्या रोडवरच्या सगळ्यात मोठ्या टायरच्या उंचीचा, पावसानं तो बसला असेल तर सांगा, पुन्हा घालून घ्या.

डंपयार्डवर झेंडी दाखवणाऱ्या पोरासाठी वेगळं सांगतो कारण आपलाच एक तिथं आहे. तू ऑपरेटरच्या बाजूला उभा राहायचं, लांब, आरशात तू सतत दिसला पाहिजे, अन बांध अन मागचं चाक यांच्या मधे कधीच जायचं नाही, मग बांधावर दगड अडकलेला असो की आणखी काही. तू दिसेनासा झालास की ऑपरेटरनं थांबायचं हे दोघांनी आधी ठरवून घ्यायचं. कडेला भेग दिसली, पाऊस झाला, रात्री नीट दिसत नाही, अशा वेळी कडेपर्यंत गाडी न्यायचीच नाही, आधीच खाली करायची अन डोझरला ढकलू द्यायचं. वेळ जातो, जाऊ द्या.

बॉडी वर करून गाडी चालवू नका, वर वीजेच्या तारा असतात. लागलीच तार तर केबिनमधेच बसून राहा, कोणाला जवळ येऊ देऊ नका, लाइन बंद झाल्याची खात्री झाल्यावरच उतरा. आग लागली अन उतरावंच लागलं तर गाडीला हात न लावता दोन्ही पाय जोडून लांब उडी मारायची, अन तसंच पाय जोडूनच टुणटुण दूर जायचं. बॉडीखाली काम करायचं असेल तर पिन लावल्याशिवाय डोकं आत घालू नका, हायड्रोलिकवर भरवसा नाही. ताडपत्री बांधायला कोळशावर चढणाऱ्यांनीही आधी वर पाहावं, तार आहे का.

झोपेचंही इथंच सांगतो. आपल्याकडं शेतीला लाइन रात्रीची येते, कधी दिवसा, त्यात कापूस वेचणी, पोरगं दिवसभर ओलीत करतं अन रात्रपाळीला टिप्परवर बसतं. पहाटे दोन ते चारच्या मधे डोळे उघडे ठेवून माणूस झोपतो, हे मी स्वतः अनुभवलंय. १९५२ च्या खाण कायद्यात ओव्हरटाइम धरून दिवसाचे १० तासच काम घेता यायचं, पण ठेक्यावर १२-१२ तास चालतं अन पोरंही पैशासाठी हो म्हणतात. घरच्यांनो, रात्रपाळी असलेल्याला दिवसा शेतात पाठवू नका, लग्नकार्याला नेऊ नका, त्याला झोपू द्या. डोळे जड झाले तर गाडी बाजूला घ्या, उतरा, तोंडावर पाणी मारा, दहा मिनिटं फिरा, अन तरी जमत नसेल तर सरळ सांगा की माझ्यानं होत नाही आज.

भेग, बेंच, डंप

आपल्या वर्धा खोऱ्यात वर काळी माती, खाली कोळशाचा जाड थर. काळी माती कशी आहे ते शेतकऱ्याच्या पोराला शिकवायला नको, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा अन पावसाळ्यात लोण्यासारखी. तीच माती शंभर शंभर फूट उंच बेंचच्या डोक्यावर असते, त्याच मातीवर ओबीचा डोंगर रचलेला असतो. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांमधे पहिला मोठा पाऊस शिरला की आतून वजन वाढतं अन बेंच सरकतो. २४ जून २००० ला आपल्याच भागातल्या कावडी ओपनकास्टमधे बेंच कोसळून १० माणसं गेली. झारखंडात लालमटियाला २९ डिसेंबर २०१६ ला डंप घसरला, २३ जण मशिनींसकट गाडले गेले, तेव्हा तर पावसाळाही नव्हता. म्हणजे मृगापासून दसऱ्यापर्यंत डोळ्यांत तेल घालायचं पण बाकी वर्ष निवांत असं काही नाही.

भेग कशी मोजायची ते सांगतो, याला कोणतं मशीन लागत नाही. मोठ्या खाणींत आता रडार असतात जे चोवीस तास भिंतीकडं पाहतात, चांगलंच आहे, पण रडार तुमच्या पायाखाली पाहत नाही. एकदा जुलैमधे सकाळच्या पाळीत वरच्या बेंचवर मला एक भेग दिसली, कडेपासून साधारण वीस पावलं आत, कडेला समांतर, दोन बोटं रुंद. उन्हाळ्याची भेग वेडीवाकडी असते, जाळीसारखी. ही सरळ होती, लांबच लांब, अन कडेकडची बाजू अगदी थोडी, नखभर खाली बसलेली. हे लक्षात ठेवा, सरळ अन एक बाजू बसलेली भेग म्हणजे जमीन निघायला लागली. मी आतल्या पक्क्या बाजूला उभा राहिलो, भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या, पलीकडची लांब दांड्यानं ठोकली, वर सुतळी ताणून बांधली अन सुतळीला चुन्याचा ठिपका दिला. वेळ लिहून ठेवली, सकाळी साडेआठ. साडेअकराला परत पाहिलं तर पलीकडची खुंटी बोटभर पुढं गेलेली अन सुतळी तंतूसारखी ताणलेली.

खाली शॉवेल, म्हणजे कोळसा उचलायचं मोठं मशीन, कोळसा भरत होता, पंपवाले दोघं सम्पजवळ, म्हणजे पाणी साठतं त्या खड्ड्याजवळ, होते. मी आधी खालची माणसं काढली, मग साहेबांना फोन केला, हा क्रम उलटा करू नका. साहेब चिडले, रेक, म्हणजे कोळशाची मालगाडी, भरायचा होता, भेग तर रोजच असते म्हणे. त्या दिवशी काहीच पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, अन मला लोक हसायला लागले, सरदारानं तीन पाळ्यांचा कोळसा बुडवला म्हणून. तिसऱ्या रात्री पावसात अख्खा बेंच खाली बसला, सकाळी पाहतो तर पंपाचा पाइप तेवढा मातीतून वर आलेला दिसत होता. खाली कोणी नव्हतं. साहेब नंतर काही बोलले नाहीत पण पुढच्या महिन्यात सुतळीचं बंडल स्टोअरमधून इश्यू झालं, एवढं मी पाहिलं.

भेगेशिवाय बाकीच्या खुणाही आहेत. बेंचच्या पायथ्याशी माती फुगणे, जिथं कोरडं होतं तिथून पाणी झिरपणे, अन थांबून थांबून नाही तर सतत खडे घरंगळत राहणे. वरचा वीजेचा खांब किंवा बाभूळ कालपेक्षा कललेली दिसणे. यातलं एकही दिसलं तर खाली जायचं नाही, खाली राहिलेला मोबाइल आणायलासुद्धा नाही.

उभं राहायचा माझा हिशोब साधा आहे, भिंत जेवढी उंच तेवढं तरी अंतर पायथ्यापासून सोडायचं, पावसात दुप्पट, अन डंप जर काळ्या मातीवर असेल तर दुप्पटही कमीच धरा. डबा खायला, गाडी लावायला, मशीन रिपेअर करायला पायथा कधीच निवडायचा नाही. शॉवेल बिघडला तरी तो शक्य असेल तर आधी बाहेर काढा मग पाना लावा, कारण मेकॅनिकची मान खाली असते, त्याला वरचं दिसत नाही. दिसत नसेल तर एक माणूस फक्त वर पाहायला उभा करा, तेही कामच आहे. डंप ३० मीटरपेक्षा उंच जात असेल तर त्याला पायरी पाडावी लागते अन उतार ३७.५ अंशापेक्षा जास्त ठेवता येत नाही असा नियम आहे, एकच उभा सुळका दिसला तर समजून घ्या की तिथं काहीतरी चुकतंय अन त्याच्या खालून जायचा रस्ता बदलून मागा.

ब्लास्टिंगचं थोडक्यात. सायरन झाला की ५०० मीटरच्या बाहेर, नाहीतर मजबूत शेल्टरमधे. व्हिडिओ काढायला थांबू नका. ऑल क्लिअर झाल्याशिवाय परत नाही, अन न फुटलेलं बारूद, वायर, कॅप दिसली तर हात लावायचा नाही, तिथंच माणूस उभा करून शॉटफायररला, म्हणजे बारूद उडवणाऱ्याला, बोलवा.

खाली, अंडरग्राउंडला

इथं पहिला शत्रू छत. नवीन पोरांना छत दगडाचं वाटतं म्हणून पक्कं वाटतं, पण ब्लास्ट झाल्यावर जे ताजं छत उघडं पडतं ते सगळ्यात बेईमान. सरदार अन ड्रेसरनं पाहिल्याशिवाय, सपोर्ट लागल्याशिवाय त्याच्या खाली कोणीच जायचं नाही, कोळसा चार तास पडून राहिला तरी चालेल.

छत ठोकायची रीत अशी. आपण आधार द्यायचे बोल्ट लागलेल्या छताखाली उभं राहायचं, मागं पळायची वाट मोकळी ठेवायची, म्हणजे मागं टब (कोळशाचे डबे), केबल, प्रॉप (छताचे टेकू) काही आडवं नको. सब्बल तिरपी धरून पुढच्या छतावर ठोकायची, स्वतःच्या डोक्यावर सरळ नाही. छत चांगलं असेल तर टण्ण असा आवाज येतो, सब्बल हातात झिणझिणते. सुटलेलं असेल तर आवाज भद्द येतो, फुटक्या मडक्यासारखा. शंका असेल तर एका हातानं ठोका अन दुसऱ्या हाताची बोटं छताला लावा, हात पुरत असेल तरच, सुटलेली शिळा बोटांना थरथरलेली कळते. माझे उस्ताद तेलंगणातल्या सिंगरेणीच्या कोळसा खाणींकडून आलेले होते, मराठी मोडकी बोलायचे, ते म्हणायचे "छत पहले बोलता, आपण नाही ऐकत." त्यांनी मला पहिल्या महिन्यात फक्त ऐकायला लावलं होतं, हातात सब्बल दिलीच नाही.

बाजूची भिंतही पडते बरं का, छताकडं पाहता पाहता माणूस साइडला टेकून बसतो अन कोळशाची फळी अंगावर येते. डबा खायचा तर ठरलेल्या जागी, सपोर्टखाली. डिपिलरिंगमधे, म्हणजे खांब काढायचं काम सुरू असतं तिथं, गोफकडून, म्हणजे खांब काढून रिकामी झालेल्या जागेकडून, कटकट आवाज वाढला, प्रॉप करकरायला लागले, टेलटेलची, म्हणजे छत किती खाली आलं ते दाखवणारी, खूण खाली सरकली, की हत्यारं तिथंच टाकून निघायचं. हत्यार परत आणायला गेलेला माणूस मी पाहिलाय. परत आला नाही.

हॉलेज, म्हणजे दोरानं टब ओढणं, सुरू असताना त्या रोडनं चालू नका, टबवर बसून येऊ नका, पाय दुखत असले तरी. दोर तुटला तर मॅनहोलपर्यंत, म्हणजे भिंतीतल्या आडोशाच्या कोनाड्यापर्यंत, पळायला चार सेकंदही मिळत नाहीत.

आता गॅस. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीनं स्फोट होतो, अन नियम असा आहे की १.२५ टक्के झालं की वीज तोडायची अन माणसं बाहेर काढायची, परतीच्या, म्हणजे खाणीतून बाहेर जाणाऱ्या, हवेत तर ०.७५ च्या वर जाऊ द्यायचा नाही. मिथेन हलका, छताशी जमतो, म्हणून गॅस मोजायचा डिटेक्टर कमरेला लावून फिरण्यात अर्थ नाही, छताशी धरून पाहा, कोपऱ्यात, खळग्यात पाहा. झारखंडातल्या भाटडीह खाणीत सप्टेंबर २००६ मधे ५० माणसं स्फोटात गेली. बिडी, माचिस, मोबाइल वर ठेवून जा, झडती घेणाऱ्यावर चिडू नका, तो तुमचाच जीव तपासतोय.

अन बंद पडलेली गॅलरी, म्हणजे खाणीतला बोगदा. याला आपल्याकडचंच उदाहरण आहे, उन्हाळ्यात जुनी विहीर उपसायला एक उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो, मग तिसरा. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात होतंच. बंद गॅलरीत हेच होतं, हवा मेलेली असते, ऑक्सिजन नसतो, वास येत नाही, गुडघे एकदम जातात. आत कोणी पडलेला दिसला तर धावून जाऊ नका, मला माहीत आहे हे सांगायला सोपं आहे, तो तुमचा मित्र असतो, पण तुम्हीही पडलात तर त्याला काढायचं सांगायलाही कोणी राहत नाही. आधी खबर, हवा मोजा, रेस्क्यूवाल्यांचं उपकरण. ज्या गॅलरीला कुंपण, बोर्ड लावलाय ती लघवीलासुद्धा वापरायची नाही.

सेल्फ रेस्क्युअर, म्हणजे विषारी हवेत श्वास घ्यायचा डबा, खिळ्याला टांगून कामाला लागू नका, कमरेलाच पाहिजे. १९९४ च्या २५ जानेवारीला बंगालातल्या न्यू केंदा खाणीत आग लागली, ५५ माणसं गेली, अशा आगीत ज्वाळेपेक्षा धुरातला विषारी गॅस आधी मारतो अन त्या वेळी पंचवीस पावलांवर टांगलेला डबा कामाचा नसतो. उघडायची प्रॅक्टिस डोळे मिटून करा, कारण तेव्हा काही दिसणार नाही. दोन प्रकार असतात हेही समजून घ्या, एक फक्त कार्बन मोनॉक्साइड गाळतो, दुसरा स्वतः ऑक्सिजन देतो. जिथं हवाच नाही तिथं पहिला प्रकार उपयोगाचा नाही. तुमच्याजवळ कोणता आहे ते आजच विचारा.

पाण्याचं तर काय सांगू. १९७५ च्या नोव्हेंबरमधे आपल्या नागपूरजवळच्या सिलेवाडा खाणीत पाणी शिरून १० माणसं गेली अन पुढच्याच महिन्यात, २७ डिसेंबरला, धनबादकडं चासनाला झालं, साडेतीनशेच्या वर माणसं, जुन्या पाणी भरलेल्या कामाचं पाणी चालू खाणीत फुटलं. जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत जायचं तर परवानगी अन पुढं बोअर मारून पाहत पाहत जायचं, असं म्हणूनच आहे. तुम्ही फेसवर, म्हणजे कोळसा काढतात त्या तोंडाशी, असाल तर एवढं पाहा, कोरडा कोळसा घामेजलाय का, ड्रिलच्या होलमधून पाणी जोरात येतंय का, कुबट वास येतोय का, सूं आवाज येतोय का. होलमधून पाणी आलं तर ड्रिल रॉड बाहेर ओढू नका, तसाच राहू द्या, तोच बूच आहे, अन चढाच्या बाजूनं निघा. आपल्याकडं वर्धा, पैनगंगा, इरई सगळ्या खाणींच्या कुशीत वाहतात, म्हणून पुराची खबर आली की खालच्या पाळीला आधी वर काढायचं, पंप नंतर.

थांबवायचं कसं

हे सगळं कळतं पण वळत नाही कारण बोलायची भीती. ठेक्यावरच्या पोराला वाटतं उद्या गेटवरून परत पाठवतील, अन पाठवतातही काही ठिकाणी, खोटं कशाला बोलू. तरी बोलायची एक पद्धत आहे. "इथं धोका आहे" असं म्हणू नका, ते कोणी ऐकत नाही. जागा, काय दिसलं, किती, कधीपासून, अन मी काय केलं, एवढं सांगा. "साहेब, तीन नंबर बेंच, सरळ भेग, सकाळी दोन बोटं होती आता तीन, खालची माणसं मी काढली." यावर कोणाला नाही म्हणायला जड जातं, कारण उद्या काही झालं तर हे वाक्य त्याच्या नावावर राहतं. शक्य असेल तर दोघांनी मिळून सांगा, रजिस्टरात लिहा, फोटो काढा जिथं मोबाइलला परवानगी आहे तिथं.

मोठ्या खाणीत सेफ्टी कमिटी असते, कामगारांतला वर्कमन इन्स्पेक्टर असतो, त्यांची नावं बोर्डावर पाहून ठेवा. वर डीजीएमएस, म्हणजे खाण सुरक्षेचं सरकारी खातं, आहे, मुख्य ऑफिस धनबादला, आपल्यासाठी नागपूरला, तिथं कोणताही कामगार तक्रार देऊ शकतो, परमनंट असो की ठेक्यावरचा. अन व्हीटीसीचं, म्हणजे खाणीच्या प्रशिक्षण केंद्राचं, ट्रेनिंग झाल्याशिवाय कामाला लागू नका, नुसत्या कागदावर सही करून सोडत असतील तर तो कागद तुमच्या जिवावर उठलाय. तरी परिस्थितीनं लागावंच लागलं तर पहिले पंधरा दिवस एखाद्या जुन्या माणसाची सावली होऊन राहा, त्याच्या पावलावर पाऊल.

अपघात झालाच तर आधी मशीन बंद, वीज बंद, मग माणूस. दबलेल्याला हात धरून ओढू नका, वरचं वजन आधी काढा. रक्त येत असेल तर कपडा दाबून धरा, सोडू नका. शॉक लागून श्वास बंद असेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा अन डॉक्टर येईपर्यंत थांबू नका. माणूस काढण्यापुरतंच हलवा, बाकी जागा तशीच राहू द्या, चौकशीला लागते, कायद्यातच आहे ते. कोणी "गाडी बाजूला घे रे" म्हटलं तरी घेऊ नका.

गावातल्यांनाही दोन शब्द. बंद खाणीचं पाणी तलावासारखं दिसतं पण त्याला काठ नाही, सरळ खड्डा आहे, पोरांना पोहायला अन ढोरांना पाण्याला तिकडं पाठवू नका. कोळसा वेचायला बेंचखाली पोखरून आत शिरू नका. घुग्गुसला ऑगस्ट २०२२ मधे जुन्या अंडरग्राउंडवरचं एक अख्खं घर जमिनीत गेलं, घरची माणसं बाहेर होती म्हणून वाचली. अंगणात गोल भेग दिसली, भिंत एकाएकी तडकली, विहिरीचं पाणी एका रात्रीत गेलं तर घर सोडा अन ग्रामपंचायत, तहसील, खाणीचं ऑफिस तिघांनाही एकदम कळवा.

अन हजेरी. खाली जाताना टोकन, लॅम्प, रजिस्टर यातलं काहीच चुकवू नका, मित्राच्या नावावर जाऊ नका. १९८९ च्या नोव्हेंबरमधे राणीगंजकडं महावीर खाणीत पाणी घुसलं तेव्हा जसवंतसिंग गिल साहेबांनी वरून नवीन बोअर पाडून, लोखंडी कॅप्सूल बनवून ६५ माणसं एकेक करून वर ओढली होती. वरून शोधणाऱ्यांजवळ आधी तो आकडा पाहिजे, किती खाली आहेत अन कोण. तुमचं नावच रजिस्टरात नसेल तर तुम्हाला शोधायला कोणी येणार नाही.

चौघांना निघताना मी सुतळीचं बंडल अन बाभळीच्या चार खुंट्या दिल्या होत्या. परवा रात्री साडेनऊला डंपयार्डवाल्याचा फोन आला. "काका, भेग दिसून रायली, सरळ हाय, दीड बोट." मी म्हटलं भेगेचं राहू दे, आधी तू कुठं उभा हायेस ते सांग. "आतल्या अंगाला हाव, मागं सरकून, टिप्परं थांबवले सगळे." मग म्हटलं ठोक खुंट्या अन घड्याळ पाहून ठेव.